गुळव्याचा हात

गूळ करणं म्हणजे नुसता रस आटवणं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा काहिलीपुढं उभं राहून बघावं. काहील म्हणजे रस उकळायची ती भलीमोठी लोखंडी कढई. खाली चिपाडांचा जाळ, वर उसळणारा पिवळा फेस, आणि एक घटका अशी येते की तिच्या अलीकडं उतरवलं तर गूळ बसत नाही आणि पलीकडं गेलं तर करपतो. ती घटका ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. माझे आबा गुळव्या होते. आष्ट्याच्या आसपासच्या मळ्यांतून त्यांना दसऱ्याच्या आधीपासून बोलावणी यायची. दोन मालक एका दिवसासाठी आमच्या दारात तंडत उभे राहिलेले मी पाहिलेत. खोटं कशाला बोलू, मला त्या भांडणांचा भारी तोरा होता. शाळेत जाणाऱ्या पोरींना मी विचारायची, "तुमच्या बापाला कोण बोलवायला येतं गं?"

हंगामात आमचं घर गुऱ्हाळावरच असे. उसाच्या पाल्याची खोप, आत आईची तीन दगडांची चूल. पहाटे ऊस पिळायचा चरक सुरू झाला की त्याच्या कुरकुरण्यानं जाग यायची. बैल गोल फिरतायत, माणूस त्यांच्यामागं काहीतरी गुणगुणतोय, आणि सगळ्या शिवारावर त्या रसाच्या वाफेचा वास. तो वास आता कुठं मिळत नाही. बाजारात गूळ मिळतो, वास मिळत नाही. आम्ही पोरं रताळी दोरीला बांधून उकळत्या रसात सोडायचो आणि वर काढून खायचो. जिभा भाजायच्या, तरी सुटायचं नाही. लढाईचे दिवस होते, रॉकेल बघायला मिळत नव्हतं. पण आम्हाला काय त्याचं! चुलाणाचा जाळ होता, त्याच्या उजेडात ताजी काकवी आणि भाकरी. राजालासुद्धा असं जेवण मिळालं नसेल.

तर आबा घटका कशी ओळखायचे ते सांगते. फावड्यानं थोडा पाक वर घ्यायचा, बोटं गार पाण्यात बुडवून चटकन त्यातला चिमूटभर उचलायचा, पाण्यात धरून त्याची गोळी वळायची. गोळी बोटात कशी दबते, किती ताणते, ते बघायचं. मग ती काहिलीच्या कडेवर मारायची. टण्ण वाजली की आबा हात वर करायचे. तो हात वर झाल्याशिवाय काहिलीला कुणी शिवायचं नाही, हा गुऱ्हाळाचा नियम. मालक समोर उभा असला तरी त्याला तोंड घालायची सोय नव्हती. सगळी माणसं त्या एका हाताकडं बघत उभी असायची.

मला दोन भाऊ झाले होते, दोन्ही तान्हेपणीच गेले. राहिले मी एकटी. म्हणून असेल, किंवा माझ्या हट्टामुळं असेल, आबा मला काहिलीजवळ उभं राहू द्यायचे. बायकांनी तिथं यायचं नसतं. पण मी आठ-नऊ वर्षांची, मला बाई कोण म्हणणार? बघून बघून मीही गोळी वळायला लागले. आणि एक दिवस गंमत झाली. मी बोटं पाण्यात न बुडवताच फावड्यावरचा पाक उचलला आणि आरामात गोळी वळली.

जाळ घालणारा माणूस ओरडलाच, "आरं, पोरगीचा हात हाय का पळी?"

आबांनी माझी बोटं धरून बघितली. लाल झाली होती. "भाजलं न्हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाई की."

मग काय, त्यांची छाती फुगली! गुळव्याच्या हाताला आच सोसावी लागते, उमेदवारीतली पहिली दोन वर्षं तर नुसते फोड मोजण्यात जातात, आणि ही पोर जन्मतःच तयार. "हात माझ्यावर गेलाय," असं ते जो भेटेल त्याला सांगायला लागले. मळ्यावर कुणी पाहुणा आला की मला हाक. मी ऐटीत यायची, गरम पाक उचलून गोळी वळायची, पाहुणा तोंडात बोट घालायचा. घरीसुद्धा तव्यावरची भाकरी मी हातानंच उलटायची. फोड यायचे, फुटायचे. आई त्यावर खोबरेल लावायची आणि म्हणायची, "गुळव्याची लेक, तिच्या हाताला फोड न्हाई येनार तर कुनाच्या?" कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता माझ्या. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरांना जंत झाले की असे चट्टे येतात, असं सगळ्याच आया म्हणायच्या. आईनं मला कडू किराईत पाजलं आणि विषय संपला.

आम्ही माझ्या दुखण्याची फुशारकी मारत होतो. आज आठवलं की अंगावर काटा येतो. पण त्या दिवसांत मी मळ्यावरची राणी होते, हेही तितकंच खरं.

त्या हंगामात संक्रांत होऊन गेली आणि आबांनी मनावर घेतलं की मला खरं गुळवेपण शिकवायचं. मालक हसला. मालक म्हणजे ज्याच्या मळ्यावर आमचा निम्मा हंगाम जायचा तो. आवाजानं फाटका, मनानं मोठा माणूस. म्हणाला, "आरं, पोरीची जात, उद्या लगीन करून जाईल. तिला काय करायचंय?"

आबा म्हणाले, "जाईल तितं घेऊन जाईल की मालक. इद्या काय मागं ठेवून जायची असती व्हय?"

दुपारची वेळ होती. एक आधण, म्हणजे एका काहिलीचा पाक, नुकतं गार व्हायला वाफ्यात ओतलं होतं, दुसरं चढायला अवकाश होता. आबांनी मला खोपीच्या सावलीत समोर बसवलं. त्यांनी तीन गोळ्या करून आणल्या होत्या, एक मऊ, एक मधली, एक कडक. म्हणाले, "नजरेवर इस्वास ठेवायचा न्हाई. सांजंला धूर असतो, फेस असतो, नजर फशिवती. बोटं फशिवत न्हाईत." आणि खांद्यावरचा पंचा काढून माझे डोळे बांधले. "हात पुढं कर. मी गोळी ठेवतो. दाबून बघ आनि सांग कुठली ते."

मला लय मजा वाटली. मी उजवा हात पसरला आणि वाट बघत बसले. चरक कुरकुरत होता. आई खोपीच्या मागं भांडी घासत होती, राखेचा खरखर आवाज येत होता. बराच वेळ झाला.

मी म्हटलं, "ठेवा की, आबा."

मी हात आणखी पुढं केला.

"आबा, ठेवा की गोळी!"

"ठेवलीया गं," ते म्हणाले.

"कुठं?" मला हसू आलं. मला वाटलं, थट्टा करतायत. मी मूठ मिटली, उघडली. "न्हाई काय. खोटं बोलता तुमी."

मग त्यांनी काय काय केलं ते मला पंचाखालून कळत नव्हतं. नंतर हाताकडं बघितलं तेव्हा कळलं. तळव्यावर तिन्ही गोळ्या होत्या. करंगळीच्या खाली बाभळीचा काटा टोचल्याचं रक्त होतं, दोन ठिकाणी. आणि मी आपली त्या सगळ्या वेळात हसत बसले होते, "आबा, किती वेळ? पाय मुंग्यावला माझा," असं म्हणत.

त्यांनी पंचा सोडला. आबांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. भाऊ गेले तेव्हासुद्धा नाही. त्यांनी माझा डावा हात घेतला, त्याला काटा लावला. मी "आई गं" म्हणून ओरडले. मग परत उजव्याला लावला. मी गप्प. आता मला भीती वाटायला लागली.

"काय झालंय मला?" मी विचारलं.

"काय न्हाई," म्हणाले. आणि त्यांनी माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

म्हसवडच्या जत्रेत सिद्धनाथाच्या देवळाच्या वाटेवर बोटं झडलेली माणसं ओळीनं बसायची. समोर फडकं, वरून लोक दाणे टाकत जायचे, शिवायचं नाही म्हणून लांबून. आबा दरवर्षी त्या वाटेनं गेलेले. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

आईला त्यांनी मळ्याच्या बांधावर नेऊन सांगितलं. मी खोपीतून बघत होते. तिनं तोंडात पदर कोंबला, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. कारण आवाज बाहेर गेला असता तर संपलंच होतं. रगतपिती, महारोग, हा शब्द एकदा गावात फुटला की त्या घराला पाणी मिळत नसे, विस्तव मिळत नसे. माझी जागा मग त्या ओळीत. आणि आबांचा गूळ? तो तर कुणी बैलालासुद्धा घातला नसता.

सांजेला आईनं मला जेवायला वाढलं. मला काही जाईना. अर्धी भाकरी तशीच टाकून मी उठले. आईनं माझं ताट पुढं ओढलं आणि ती उष्टी भाकरी, तेच कालवण, माझ्या देखत, आबांच्या देखत, सावकाश चावून खाल्लं. माझी आई तशी तोंडाची फटकळ, येता-जाता मला धपाटे घालायची. पण त्या एका जेवणासाठी मी तिचे सगळे धपाटे माफ केले.

सांगलीच्या गणपतीला नवस फेडायचा आहे असं सांगून आबांनी एक दिवसाची सुट्टी घेतली. कोळशावर चालणारी मोटार होती तेव्हा, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. सांगलीहून आम्ही मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर उंच, चष्मेवाले, हळू बोलणारे होते. त्यांनी तळव्यावर कापसाचा बोळा फिरवला, चट्ट्यावर फिरवला, कोपरातली शीर चाचपली आणि आबांनाही चाचपायला लावली. दोरीसारखी जाड लागत होती ती. मग म्हणाले, "कुणी ओळखलं हे?"

"म्याच," आबा म्हणाले.

"फार लवकर आणलंत. पुष्कळ लोक बोटं गेल्यावर येतात." मग त्यांनी सांगितलं की कडूकवठाच्या तेलाची सुई दर आठवड्याला घ्यावी लागेल, वर्षं लागतील, एकही चुकवायची नाही. हाताची जाण परत येईल असं काही त्यांनी म्हटलं नाही. पण बोटं राहतील, आणि पोरगी राहील.

आबांनी विचारलं, "मी गूळ करतो, डागदर. माझ्या हातचा गूळ लोक खात्यात."

"करा की. त्यानं कुणाला काही होत नाही."

आबांनी मान हलवली. परतीच्या मोटारीत मात्र आईच्या कानाशी लागून म्हणाले, "डागदर म्हनतोय ते खरंच असंल. पर उद्या कुनाला कळलं, तर म्हनतील जानूनबुजून खायला घातलं. माझ्या गुळाचा निवद देवाला दावत्यात लोकं." आणि थोड्या वेळानं, "सांगलीत ऱ्हायला पायजे. हितनं दर हप्त्याला कोन जाऊ देतंय?"

इथंच गाठ होती. भरल्या हंगामात, ज्याच्यासाठी मालक भांडतात असा गुळव्या, बोलावणी टाकून सांगलीला का गेला? गावाला उत्तर पाहिजे होतं. खरं उत्तर देता येत नव्हतं, आणि थातूरमातूर उत्तरावर गाव समाधान मानत नाही, खणत राहतं.

चार-आठ दिवस आबा काहिलीवर जात राहिले. मग एका दुपारी मालकाच्या काहिलीवर शेवटचा फेस बसत आला होता. मी जवळच उभी होते. हाताला कळत नसलं तरी माझं नाक शाबूत होतं. पाकाचा वास बदलतो हो. आधी हिरवा, मग दुधासारखा, मग एकदम खमंग. खमंग आला की उतरवायचं. तो वास आला. आबांनी गोळी वळली, कडेवर मारली. टण्ण. माणसं काहील उचलायचे दांडे धरून तयार. आबांचा हात वर होईना.

"आबा," मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. जाळ घालणारा म्हणाला, "गुळव्या, वास सुटलाय की रं." पण काहिलीला हात लावायची कुणाची छाती? आबा पाकाकडं बघत उभे होते. कडेनं काळी रेघ धरली. मला रडू फुटलं, मी हिसका देत होते, "आबा, उतरवा की! करपला की!" ते मनगट घट्ट धरून उभे. डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना वाटलं धुरानं. मग एकदम धूर उसळला, तेव्हा हात वर केला.

मालक धावत आला. एवढी काहील, आख्खा काळा कोळसा. काय काय बोलला तो! "डोळं फुटलं हुतं का तुजं? आरं, कालचं पोरगं असं करत न्हाई!"

आबा खाली मान घालून म्हणाले, "हात गेला, मालक. घटका कळंना झालीया मला. आता दुसरा गुळव्या बगा."

मालकाचा चढलेला आवाज खाली आला. म्हणाला, "कवापास्नं?"

"झालं थोडं दीस. लपवीत हुतो."

आठवड्याच्या आत सगळ्या मळ्यांवर झालं, गुळव्याचा हात गेला. कुणी हळहळलं, कुणी म्हणालं गर्व उतरला. आम्ही सांगलीला निघालो तेव्हा एकानंही विचारलं नाही की का चाललात. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

सांगलीत आबा गुळाच्या पेठेत हमाल झाले. ढेपा वाहायचे. आम्ही पेठेमागच्या एका खोलीत राहायचो. आणि तुम्हाला सांगते, ती वर्षं काही रडत गेली नाहीत. दर गुरुवारी मिरज. सुई अशी ठणकायची की मी डॉक्टरांना मनात लाखोली वाहायची. येताना आई भडंग घ्यायची, मग माझी लाखोली परत. दवाखान्यातल्याच एका बाईंनी मला लिहा-वाचायला शिकवलं. घरात एकच मंत्र: "बघून धर." विळी बघून धर, भांडं बघून धर. चुलीपाशी मला सक्त मनाई. आबा पाठीवर ढेप आली की तिचा वास घेऊन सांगायचे, "ह्यानं मळी काढायला भेंडीचं पानी जास्त घातलंया," नाहीतर, "ह्यानं घाई केली बग, बाइल वाट बगत असंल." आम्ही हसून लोळायचो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसायचो. माझी बोटं ते एकेक करून तेलानं चोळायचे, वाकडी होऊ नयेत म्हणून. करंगळी थोडी वाकलीच. बाकीची शाबूत राहिली.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि दवाखान्यात नव्या गोळ्या आल्या. मी तोवर अंगानं भरले होते. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "आता हिच्यापासून कुणाला काही भीती नाही." आई तिथंच त्यांच्या पाया पडली. मी मात्र सरळ पेठेकडं पळाले, आबांना सांगायला.

आबांच्या पाठीवर ढेप होती आणि समोर मालक उभा होता. आमचा जुना मालक. गाड्या घेऊन गूळ विकायला आला होता. बरोबर दोन पाहुणे.

"काय हात हुता ह्याचा!" तो पाहुण्यांना सांगत होता. "आनि बसल्या बसल्या माझी काहील जाळली गड्यानं. हात गेला म्हनाला, खरं झोप लागली का पिला हुता, देवाला ठावं. आता बगा, दुसऱ्यानं केलेला गूळ वाहतोय."

पाहुणे हसले. आणि आबापण हसले. ढेपेखालून, मान वाकडी करून. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

मी पुढं गेले आणि ओरडले, "त्यास्नी काय न्हाई झालं! मुद्दाम जाळली त्यांनी, माझ्यासाठी. हात माझा गेलता, आबांचा न्हवं!" आणि मी हात पुढं केला.

मालक माझ्या हाताकडं बघायला लागला. पाहुण्यांनी हसणं थांबवलं.

आबांनी ढेप खाली ठेवली, शांतपणे. "पोरगी खुळी हाय, मालक," ते म्हणाले. "बापाला बोललेलं सोसत न्हाई तिला. करंगळी ल्हानपनी दारात सापडली, तेवढंच. हात माझाच गेला."

मालकानं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बापाची लाडकी हाय रं," म्हणाला, आणि गाड्यांकडं निघून गेला.

मला भयंकर राग आला होता. आबा ढेपेवर टेकले. मी म्हटलं, "डागदर म्हनाले, मी बरी झाले. आजच म्हनाले. मग सांगायला काय झालं?"

ते ऐकून आबांनी खांद्यावरचा पंचा ओढला. पंच्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. मग म्हणाले, "डागदरला कळतंय गं. गावाला कळत न्हाई. तुझं लगीन व्हायचं हाय अजून."

"आनि तुमास्नी हसत्यात ते?"

"हसू दे. हसून कुनी मरत न्हाई."

"तुमच्यावानी गुळव्या न्हवता सगळ्या मुलखात!" मी रडत म्हटलं.

"न्हवताच," आबा म्हणाले. "मला ठावं हाय, तुला ठावं हाय, तुझ्या आईला ठावं हाय. आनि कुनाला कशाला पायजे?"

मुकादमानं हाक मारली. आबा उठले, ढेपेखाली पाठ दिली आणि मला म्हणाले, "जा, आईला सांग आज गोड कर कायतरी."